व्हिजन इन्शुरन्स: दहा महिन्यांचा हिशोब

गेल्या नोव्हेंबरात ऑफिसच्या ओपन एनरोलमेंटमध्ये, म्हणजे पुढच्या वर्षाचे विमे निवडायच्या मुदतीत, मी व्हिजनच्या (डोळ्यांच्या विम्याच्या) चौकोनात टिक केली. महिन्याला 15 डॉलर, नवराबायको दोघांचे. न्यू जर्सीत बारा वर्षं काढूनही तोवर घेतला नव्हता. चाळिशी लागली, म्हणून घेतला.

जानेवारीत डोळे तपासून घेतले, कोपे (आपण द्यायचा ठरलेला वाटा) 10 डॉलर. फ्रेमला 150 पर्यंत कंपनी देते. मला आवडली ती 210 ची. वरच्या 60 वर वीस टक्के सूट, म्हणजे 48. काचांचा कोपे 25. इथवर खुशीत होतो. मग काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ‘‘प्रोग्रेसिव्ह साधी की चांगली?’’ प्रोग्रेसिव्ह म्हणजे दूरचं आणि वाचायचं दोन्ही एकाच काचेत. चांगलीचे 95, अँटी-ग्लेअरचे 70. एकूण 248, हप्ते वेगळेच.

मार्चमध्ये त्याच नंबरचा दुसरा चष्मा ऑनलाइन मागवला, इन्शुरन्सशिवाय, 140 ला. नंबराचा कागद न मागता, फुकट हातात द्यायचा हा इथे केंद्राचा नियमच आहे. बाहुल्यांमधलं अंतर मात्र त्यात असेलच असं नाही; ते आरशासमोर पट्टी धरून मीच मोजलं. वाचायचा पट्टा जरा अरुंद आहे, पण रोज नाकावर तोच असतो.

बायको कॉन्टॅक्ट लेन्स लावते. तिला लेन्सचे 150 मिळाले, फिटिंगचे 60 खिशातून. मात्र लेन्स घेतल्या की त्या वर्षी चष्मा नाही. तरी तिचे पैसे वसूल झाले.

खरा धडा मे महिन्यात मिळाला. डोळ्यापुढे माश्या उडाल्यासारखे काळे ठिपके दिसायला लागले. डॉक्टरांनी थेंब घालून पडदा तपासला, सुदैवाने काही निघालं नाही. बिल 210. मी ऐटीत व्हिजनचं कार्ड पुढे केलं, तर ते चालेना! ठिपके, काचबिंदू, मोतीबिंदू, मधुमेहाने होणारा त्रास, हे सगळं हेल्थ इन्शुरन्सकडे जातं, आणि माझं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी स्वतः भरायची रक्कम, भरलेलं नव्हतं. व्हिजनवाले फक्त नंबर आणि चष्मा बघतात. नाव इन्शुरन्स, पण आहे आगाऊ पैसे भरून घेतलेलं कुपन. दरवर्षी नवी फ्रेम किंवा लेन्स लागत असतील तरच परवडतं.

यंदा बायकोने तिच्या ऑफिसातून एकटीपुरता घेतला. मी टिक काढली, चष्म्यापुरते पैसे एफएसएमध्ये (पगारातून टॅक्सआधी कापून औषधपाण्यासाठी ठेवायच्या खात्यात) टाकले, तेवढाच टॅक्स वाचतो. नंबराचा कागदही पाकिटात आहे. डिसेंबरात पुण्याला जातोय, लक्ष्मी रोडवर भाव विचारून बघेन.