सीलबंद लाँगबॉक्स घेताय? आधी किमतीच्या स्टिकरवरून बोट फिरवून बघा

सीडीचे जुने लाँगबॉक्स जमवणाऱ्यांनी प्लीज हे वाचा, तीन खोक्यांचे मिळून माझे २४० डॉलर गेलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अमेरिकेत १९८३ ला सीडी आली तेव्हा दुकानातले कप्पे सगळे एलपीच्या, म्हणजे गाण्यांच्या मोठ्या तबकडीच्या, मापाचे, त्यात एवढीशी सीडी उभी कशी राहणार, आणि कुणीही खिशात टाकून नेली असती ते वेगळंच. म्हणून साधारण ६ बाय १२ इंचाचा उभा पुठ्ठ्याचा खोका यायचा, तोच लाँगबॉक्स, दोन शेजारी ठेवले की एका एलपीची जागा भरली. घरी आणून फाडायचा आणि कचऱ्यात. त्या कचऱ्यावरूनच ओरड झाली आणि एप्रिल १९९३ मध्ये कंपन्यांनी तो बंद केला. मी १९९१ ला एमएससाठी न्यू जर्सीला आलो, तेव्हा घेतलेल्या सीडींचे सगळे खोके माझ्याच हाताने फेकलेत, आज त्याचं फार वाईट वाटतं.

मला मुख्य हवा होता आर.ई.एम. या अमेरिकन रॉक बँडच्या 'आऊट ऑफ टाइम' अल्बमचा. त्याच्या पाठीवर मतदार नोंदणी सोपी करणाऱ्या कायद्यासाठी एक फॉर्म छापलेला होता, सही करून, कापून पाठवायचा, आणि लोकांनी खरंच पाठवले, १९९३ ला कायदाही झाला. गाण्यांच्या एका खोक्याने एवढं काम केलं म्हणून तो माझ्याकडे अख्खा असावा असं फार वर्षं मनात होतं.

खरेदी-विक्रीच्या एका साइटवर एक जण भेटला. काकांचं दुकान होतं, माळा आवरताना सापडलं म्हणाला, बोलायला एकदम गोड. साइटबाहेर पैसे पाठवा, फी वाचेल, ३०० चे २४० घेतो. मी मित्राला पाठवतो तसे पाठवले आणि तिथेच तक्रार करायचा रस्ता बंद झाला.

खोके आले, दोन दिवस नुसता बघत बसलो. मग टेबललॅम्पखाली किमतीच्या स्टिकरवरून सहज बोट फिरवलं तर कड हाताला लागेना. स्टिकर प्लास्टिकच्या आत! दुकानदार लेबल लावतो ते प्लास्टिकवर, म्हणजे हे कुणीतरी नंतर गुंडाळलेलं. भिंगाने बघितलं तर छपाईचे ठिपके जाळीसारखे ओळीत नाहीत, भुरभुरल्यासारखे पसरलेले, घरच्या प्रिंटरचे असतात तसे. शेवटी ब्लेडने प्लास्टिक कापलं. सीडीच्या मधल्या पारदर्शक कड्यावर बारीक अक्षरात आयएफपीआय (संगीत कंपन्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) आणि पुढे कोड. हे कोड सुरूच झाले १९९४ ला, खोका बंद झाल्यानंतर.

विकणाऱ्याला लिहिलं तर उत्तर आलं, सील तुम्ही फोडलंत, आता परत घेणार नाही. सगळा डाव इथेच आहे, पुरावा सीलच्या आत आणि सील फोडलं की वस्तूची किंमत गेली. त्यामुळे पैसे द्यायच्या आधीच तिरप्या उजेडात स्टिकरचा जवळून फोटो मागा, पाठीवरच्या बारीक छपाईचाही मागा, आणि कुठे वेबसाइटचा पत्ता दिसला तर सरळ सोडून द्या, तेव्हा सीडीवर कोण वेबसाइट छापत होतं. फोटो द्यायला टाळाटाळ केली तरी सोडा. पैसे साइटवरूनच द्या, फी गेली तर गेली.

काल रात्री बघितलं, त्याने तसाच आर.ई.एम.चा आणखी एक खोका विकायला लावलाय. फोटो मोठा करून पाहिला, प्लास्टिकची घडी स्टिकरच्या वरून गेलेली स्पष्ट दिसतेय.