बोटीचा गिअरबॉक्स एकट्याने उतरवताना: एक टनी चेन कुप्पीचा अनुभव

बामणोलीला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, आमची लोखंडी बोट चालते. डिझेल इंजिन आत बसवलेलं, त्याच्या मागे गिअरबॉक्स आणि तिथून पंख्याचा शाफ्ट. जावळी-कांदाटीतली निम्मी तरणी माणसं मुंबईला, त्यामुळे जड काम निघालं की हाताखाली कुणी मिळेलच असं नाही. उन्हाळ्यात कोयनेचं पाणी उतरलं आणि बोट काठाला टेकली, तेव्हा एक टनाची चेन कुप्पी, म्हणजे हाताने साखळी ओढून वजन उचलायचं यंत्र, घेतली. त्यानंतर पावसाळा गेला, वासोटा किल्ल्याच्या पर्यटकांचा हंगामही गेला. गिअरबॉक्स, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, सगळं तिच्यावरच उतरवलं आणि चढवलं.

मला ती सगळ्यात आवडली ती वजन धरून ठेवण्यासाठी. बल्लीवर दोघांनी गिअरबॉक्स तोलला की बोल्ट लावणाऱ्याच्या मागे घाई लागते. कुप्पीची हातसाखळी सोडली की आतला ब्रेक त्या वजनानेच आवळतो आणि गिअरबॉक्स आहे तिथेच थांबतो. दोन्ही हात मोकळे. निवांत वाकून बॅटरीच्या उजेडात भोकं जुळवायची, कमी पडलं तर साखळी थोडी ओढायची, गिअरबॉक्स केसभर वर येतो.

एकट्याने बसवताना दोन लांब बोल्टची डोकी कापून स्टड केले आणि समोरासमोरच्या भोकांत आवळले. त्यांच्यावरून गिअरबॉक्स सरळ सरकत जातो. हे फार महत्त्वाचं आहे, कारण गिअरबॉक्सच्या शाफ्टचे दाते इंजिनाच्या डँपर प्लेटमध्ये (इंजिनाचा झटका झेलून गिअरबॉक्स फिरवणारी प्लेट) अर्धवट अडकलेले असताना त्याचं वजन तिच्यावर आलं तर प्लेट वाकते. उतरवण्याआधी तेल काढून घ्यायचं आणि खाली लाकडी ठोकळे रचायचे. लटकत्या वजनाखाली हात किंवा पाय कधीच नाही, ब्रेक कितीही चांगला असला तरी.

खरी अडचण कुप्पी टांगायची. मी जाड पाइपांची तीन पायांची घोडी करून घेतली. पाय बोटीच्या तळाच्या पत्र्यावर न टेकवता आडव्या कमानींवर टेकवतो आणि फाकू नयेत म्हणून खालून साखळीने बांधतो. कुप्पी बरोबर वजनाच्या माथ्यावर हवी. तिरकं ओढलं की घोडी कलते. म्हणून पाण्यात डुलणाऱ्या बोटीत हे काम करत नाही, बोट काठाला टेकलेली असतानाच करतो.

तक्रारी दोन. हातसाखळी लांब, ती बोटीच्या तळातल्या तेलकट पाण्यात पडते आणि मग हातातून निसटते. आता तिच्याखाली बादली ठेवतो. दुसरी तक्रार गंजाची. या भागातल्या पावसात साखळी उघडी ठेवायची सोय नाही. वजनाच्या साखळीला हलकं तेल लावतो, ब्रेकच्या प्लेटांना मात्र थेंबही लागू देत नाही.

गिअरबॉक्स आणि पंख्याचा शाफ्ट जोडणारं कपलिंग मात्र काठावर पक्कं करू नका. बोट तरंगली की तिचा आकार थोडा बदलतो. पाण्यात सोडल्यावर फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) कपलिंगच्या दोन चकत्यांमधली चारी बाजूंची फट मोजायची. चार इंची फ्लँजला, म्हणजे चकतीला, चार थाऊपर्यंत (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) फरक चालतो, त्यापेक्षा जास्त असेल तर इंजिनाच्या पायाखाली पातळ पत्री घालून जुळवायचं.

नवी कुप्पी घेताना दुकानातच वजन टांगून मध्येच साखळी सोडून बघा. वजन जरा जरी घसरलं तर ती घेऊ नका. हुकाचं तोंड बंद करणारी पट्टी स्प्रिंगने आपोआप मिटते का, तेही बघून घ्या.