पुरुषांची वाढलेली छाती: थांबावं की शस्त्रक्रिया करावी?

गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर मित्र शर्ट काढून पाण्यात उतरतात आणि एखादा मुलगा ओला टी-शर्ट अंगापासून सारखा सोडवत काठावर उभा राहतो. त्याच्या त्रासाला नखरे म्हणू नका. पण वय चौदा-पंधरा असेल तर घाईही नको. वयात येताना होणारी ही वाढ बहुतेकदा 6 महिने ते 2 वर्षांत आपोआप ओसरते. थांबलं तर व्रण राहत नाही, खर्चही वाचतो. तपासणी मात्र टाळू नका. स्पायरोनोलॅक्टोनसारखं (रक्तदाब, सूज यांवर देतात ते) औषध, जिममधली स्टिरॉइड्स, दारू, यकृत किंवा थायरॉइडचा आजार, यांपैकी काही निघालं तर आधी तेच हाताळायचं. एकाच बाजूला कडक गाठ लागली किंवा स्तनाग्रातून रक्त आलं, तर लगेच बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या सरकारी इस्पितळात) जा.

वयात येण्याचा काळ सरूनही वाढ वर्षभर टिकली की शस्त्रक्रियेचं पारडं जड होतं. तोवर छातीतली स्तनग्रंथी घट्ट, तंतुमय होते, गोळ्या फारशा लागू पडत नाहीत. व्यायामाने चरबी घटते, ग्रंथी जात नाही. लायपोसक्शनने, म्हणजे नळीने शोषून, चरबी आणि स्तनाग्राभोवतीच्या काळसर वर्तुळाच्या कडेला छोटा छेद घेऊन ग्रंथी काढतात. नंतर काही आठवडे छाती आवळणारं बनियान घालावं लागतं. आपल्याकडच्या मे महिन्यात ते नकोसं होतं, म्हणून मी डिसेंबर-जानेवारी सुचवेन. रक्त साकळणं, बधिरपणा, दोन बाजू असमान दिसणं, हे धोके सर्जनला आधीच विचारा.

विशी ओलांडलेली, वजन स्थिर, तपासण्या नीट, तरी मुलगा पोहायला जात नसेल तर माझं मत शस्त्रक्रियेच्या बाजूने. विमा कंपनीला मात्र आधी लेखी विचारा. सौंदर्योपचार म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो.