वापरलेला थिंकपॅड टी४८०: दिसायला ठोकळा, कामाला पक्का

लॅपटॉप घेताना सगळे प्रोसेसर आणि रॅम विचारतात, बिजागरीकडे कुणी बघत नाही. माझा आधीचा लॅपटॉप (कंपनीचं नाव राहू दे) तिथेच गेला. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांत बिजागरीचे स्क्रू छोट्या पितळी नटांत बसतात आणि ते नट नुसत्या प्लॅस्टिकच्या खुंट्यांत रुतवलेले असतात. बिजागरी जरा आवळली की झाकण उघडताना सगळा ताण त्या खुंट्यांवर येतो. मग एक दिवस कडकन आवाज होतो आणि कोपरा उकलतो. आतलं सगळं ठणठणीत, पण स्क्रीन एका हाताने धरून बसायचं.

म्हणून या वेळी लेनोव्होचा टी४८० घेतला, तोही वापरलेला. मॉडेल २०१८ चं. मोठ्या कंपन्या असे लॅपटॉप घाऊक घेतात आणि काही वर्षांनी एकगठ्ठा काढतात. डेलचे लॅटिट्यूड, एचपीचे एलिटबुक हेही त्याच वाटेने बाजारात येतात.

मी भाषांतरं करते, म्हणजे दिवसभर टाइपिंग. या कीबोर्डची कळ नीट खाली जाते आणि दाबल्याचं बोटाला कळतं. मधल्या लाल ट्रॅकपॉइंटची (बोटाने ढकलून माउसचा बाण हलवायची छोटी घुंडी) सवय लागली की टचपॅडकडे हात जात नाही. बॅटऱ्या दोन: एक आत, एक मागे काढता येणारी. आतलीत चार्ज असेल तर मशीन चालू ठेवूनच मागची बदलता येते. रॅमला दोन स्लॉट आहेत. नावात शेवटी ‘एस’ असलेला टी४८०एस घ्याल तर थोडी रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली, म्हणजे न बदलता येणारी, मिळेल आणि मागे काढता येणारी बॅटरीही नसेल. एका अक्षराचा फरक, पण विचारून घ्या. दुरुस्तीचं मॅन्युअल कंपनीनेच सगळ्यांसाठी खुलं ठेवलंय, कुठला स्क्रू कुठे इथपर्यंत.

स्क्रीन ही याची पडती बाजू. १३६६ × ७६८ वाला पॅनेल फुकट दिला तरी नको. फुल एचडी पॅनेलचीही चमक कागदावर २५० निट्सच (निट हे चमक मोजायचं एकक), त्यामुळे खिडकीपाशी बसलात की डोळे बारीक करावे लागतात. गेमिंग, व्हिडिओ एडिटिंगवाल्यांनी या वाटेला जाऊच नये.

पैसे देण्याआधी बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचं सेटिंगचं पान, उघडून बघा. त्याला सुपरवायझर पासवर्ड (सेटिंग बदलू न देणारं कुलूप) असेल तर सरळ परत करा, तो काढणं सोपं नाही. विंडोज नव्याने टाकून इंटरनेट जोडा. जुन्या कंपनीचं लॉगिन मागितलं तर तो लॅपटॉप अजून त्यांच्याच नावावर नोंदलेला आहे. विंडोजमधूनच बॅटरी रिपोर्ट काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी ठेवून बघा. विक्रेत्याचं ‘बॅकअप मस्त आहे’ ऐकून घ्यायचं आणि सोडून द्यायचं.

याहून जुना, इंटेलच्या सातव्या पिढीच्या प्रोसेसरचा टी४७० आणखी स्वस्त मिळतो, पण इंटेलमध्ये विंडोज ११ चालणाऱ्या प्रोसेसरची अधिकृत यादी जवळजवळ आठव्या पिढीपासूनच सुरू होते, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लिनक्स वापरणार असाल तर खुशाल घ्या.

सोबत आलेला चार्जर बहुधा डुप्लिकेट असतो. तो बाजूला ठेवून चांगला ६५ वॉटचा यूएसबी-सी पीडी (पॉवर डिलिव्हरी) चार्जर घ्या, टी४८० त्यावर व्यवस्थित चालतो.