वार्षिक सभेत मांडलेली घराच्या कागदपत्रांची तक्रार: आमच्या सहकारी बँकेच्या सेवेचा अनुभव

बेळगावातील ज्या नागरी सहकारी बँकेविषयी मी लिहीत आहे, तिच्या काउंटरवरील सेवेला मी मनापासून चांगले म्हणते. सोनेतारण कर्ज तासाभरात हातात पडते, मुदत ठेवीची पावती उद्यावर ढकलली जात नाही, आणि येळ्ळूर किंवा कडोलीहून आलेल्या एखाद्या आजींना अर्ज लिहिता येत नसेल तर समोरचा कर्मचारी मराठीत किंवा कन्नडमध्ये, त्यांना सोयीच्या भाषेत विचारून तो भरून देतो. माझी तक्रार कर्ज फिटल्यानंतरच्या व्यवहाराची आहे. कर्ज देताना दिसणारी तत्परता कर्जदाराची कागदपत्रे परत करताना या बँकेत दिसत नाही, आणि सभासदाने त्याबद्दल वार्षिक सर्वसाधारण सभेत विचारले तर ‘हा वैयक्तिक विषय आहे’ एवढ्या उत्तरावर त्याला खाली बसवण्याची तेथे रीत आहे. या रीतीबद्दल मला सविस्तर लिहायचे आहे, कारण आपल्या भागात अशा संस्थांचे सभासद घरोघरी आहेत.

वडगावातील आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर माग आहेत. वरच्या मजल्याच्या बांधकामासाठी थोरले बंधू आणि मी मिळून या बँकेकडून घरकर्ज घेतले होते. कर्ज मंजूर होताना नियमाप्रमाणे रकमेच्या अडीच टक्के शेअर्ससाठी कापून घेतले गेले, आणि आम्ही दोघेही भागधारक सभासद झालो. २०२४ च्या मार्चअखेरीस शेवटचा हप्ता भरला, तेव्हा कर्ज पूर्ण फिटल्याचा निल दाखला त्याच दिवशी मिळाला. मूळ खरेदीपत्र आणि जुने सिटी सर्व्हे उतारे मात्र मिळाले नाहीत. ते मुख्य कार्यालयात आहेत, असे शाखेत सांगण्यात आले. मुख्य कार्यालयाने बँकेच्या पॅनेलवरील वकिलांचे नाव सांगितले, आणि वकिलांच्या कार्यालयाने कागद केव्हाच परत पाठवल्याचे कळवले. मधल्या काळात दादांना घराची वाटणी नोंदवून घ्यायची होती, आणि मूळ दस्त हातात नसताना पुढे पाऊल टाकायला आमचे वकील तयार नव्हते. ज्या घरात मिळकतीचा एवढा एकच कागद असतो, त्या घरात तो हरवल्याच्या शंकेने काय होते, हे वेगळे सांगायला नको.

याबाबतचा नियम संदिग्ध नाही. रिझर्व्ह बँकेने १३ सप्टेंबर २०२३ रोजी काढलेल्या परिपत्रकानुसार, घरकर्जासारखे वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांच्या आत मिळकतीची सर्व मूळ कागदपत्रे परत करावी लागतात आणि नोंदवलेला बोजाही उतरवावा लागतो. १ डिसेंबर २०२३ पासून हा नियम लागू झाला, आणि प्राथमिक नागरी सहकारी बँकाही त्याच्या कक्षेत येतात. विलंब झाल्यास बँकेने कर्जदाराला त्याचे कारण कळवायचे असते, आणि विलंब बँकेमुळे झाला असेल तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची असते. कागद गहाळ झाले असतील, तर प्रमाणित नकला मिळवण्यास मदत करून त्याचा खर्च बँकेने उचलायचा असतो, आणि त्यासाठी बँकेला आणखी ३० दिवस मिळतात. आम्हाला यातले काहीच कळवले गेले नाही. दोन लेखी अर्जांच्या पोचपावत्या तेवढ्या आमच्याकडे राहिल्या.

अशा वेळी वार्षिक सभेची नोटीस आली. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत ही सभा घ्यावीच लागते, त्यामुळे आपल्याकडच्या बहुतेक सभा सप्टेंबरात, गणेशोत्सवाच्या मागेपुढे भरतात. आमची सभा अनंत चतुर्दशीनंतरच्या रविवारी एका मंगल कार्यालयात होती. ज्या सभासदांना हिशेबाविषयी अथवा कामकाजाविषयी प्रश्न विचारायचे असतील, त्यांनी ते आठ दिवस आधी मुख्य कार्यालयात लेखी द्यावेत, अशी सूचना नोटिशीच्या शेवटी बारीक अक्षरांत छापलेली असते. अनेक सभासद ती वाचत नाहीत, आणि मग आयत्या वेळच्या विषयात बोलू पाहतात. तो विषय अध्यक्षांच्या परवानगीवर अवलंबून असतो आणि येतोही तेव्हा, जेव्हा मागच्या रांगांतील लोक अल्पोपाहाराकडे निघालेले असतात. मी प्रश्न मुदतीत लेखी दिला आणि पोच घेतली.

सभेचा पहिला भाग नेहमीप्रमाणे झाला. दीपप्रज्वलन, गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक ‘मंजूर, मंजूर’ अशा आवाजात पुढे सरकले. त्यानंतर खासबागेतील एक वयस्क सभासद माईकपाशी आले. व्याजातून कर कापू नये म्हणून ज्येष्ठ नागरिकाने द्यायचा १५ एच फॉर्म वेळेवर भरूनही त्यांच्या ठेवीच्या व्याजातून आयकर कापला गेला होता. त्यांचे म्हणणे खरे होते, हे त्यांच्या हातातील शिक्का मारलेल्या पोचेवरून दिसत होते. पण त्यांनी सुरुवात केली ती शाखेतील एका कर्मचाऱ्याच्या वागण्यापासून, मग जुने व्यवस्थापक कसे चांगले होते तिकडे वळले, आणि मुद्द्यावर येईपर्यंत सभागृह अस्वस्थ झाले. ‘काका, हा तुमचा वैयक्तिक विषय आहे, सभा संपल्यावर मॅनेजरांना भेटा,’ असे चेअरमन म्हणाले आणि माईक पुढे गेला. ते गृहस्थ खाली बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो अपमान दिसला, तो मला सहन झाला नाही. वर्षानुवर्षे ठेव ठेवणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा तोंड उघडले होते. ‘तुमचा फॉर्म पुढे पाठवायचा राहिला असेल, तर सोमवारी अमुक अधिकारी तुम्हाला फोन करतील,’ एवढे एक वाक्य त्यांना देता आले असते.

माझी पाळी आल्यावर मी आमच्या घराचा उल्लेख आधी केला नाही. गेल्या आर्थिक वर्षात १ डिसेंबरनंतर फिटलेल्या घरकर्जांपैकी किती प्रकरणांत मूळ कागदपत्रे ३० दिवसांत परत झाली, किती प्रकरणांत झाली नाहीत आणि त्यांपैकी किती कर्जदारांना भरपाई दिली, हा माझा लेखी प्रश्न मी वाचून दाखवला. हे वर्ष संपता संपता फिटलेले आमचे कर्ज त्याच प्रकारचे असून, त्याच्या अर्जांच्या पोचा माझ्याकडे आहेत, एवढेच शेवटी जोडले. चेअरमन म्हणाले, ‘ताई, तुमचे कागद मिळतील, पण वैयक्तिक प्रकरण इथे नको.’ मी म्हटले, ‘साहेब, कागद वैयक्तिक आहेत, मुदत सगळ्यांची आहे.’ तेव्हा संकेश्वरकडील एक कन्नड भाषिक सभासद उठले आणि आपल्या भावाचीही कागदपत्रे अशीच अडकली असल्याचे त्यांनी कन्नडमध्ये सांगितले. चेअरमननी त्यांना कन्नडमध्येच उत्तर दिले. दोन्ही भाषांत एकाच तक्रारीचे उत्तर द्यावे लागल्यावर सभागृहातील चुळबुळ थांबली, आणि आकडेवारी उपलब्ध नसली तरी एका महिन्यात प्रलंबित प्रकरणांचा निपटारा करू, असे आश्वासन सरव्यवस्थापकांनी माईकवरून दिले. हा प्रश्न आणि हे आश्वासन इतिवृत्तात घ्यावे, अशी विनंती मी तेथेच केली.

चेअरमनच्या बाजूनेही विचार करायला हवा, असे मला वाटते. हजारो सभासद असलेल्या बँकेत प्रत्येकाने आपापले खाते उघडून दाखवायचे ठरवले, तर लेखापरीक्षकांच्या शेऱ्यांवर किंवा थकबाकीवर बोलायला वेळच उरणार नाही. शिवाय खातेदाराच्या व्यवहाराची गुप्तता राखणे बँकेवर बंधनकारक आहे, आणि एखाद्याच्या कर्जाचा तपशील भर सभेत व्यासपीठावरून वाचून दाखवणे योग्य नव्हे. मात्र एखादी तक्रार कोणाची आहे यावरून ती वैयक्तिक ठरवली, तर जगातील प्रत्येक तक्रार वैयक्तिकच निघेल. ती कशामुळे उद्भवली, हे पाहायला हवे. एका कर्मचाऱ्याच्या विसराळूपणामुळे उद्भवली असेल तर ती शाखेत मिटावी. बँकेकडे कागदपत्रांची नोंदवही नीट ठेवली जात नसल्यामुळे उद्भवली असेल, तर तो संचालक मंडळाच्या कारभाराचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्याची सभेहून योग्य दुसरी जागा नाही. त्या वयस्क गृहस्थांचा प्रश्नही या अर्थाने सभेचाच होता, कारण फॉर्म घेऊन तो नोंदवला न जाणे हे केवळ एकाच ठेवीदाराच्या बाबतीत घडले असेल, असे मानायला आधार नव्हता.

सभागृहाच्या दाराशी सह्यांसाठी दोन टेबले होती, भेटवस्तूच्या कूपनांसाठी एक होते. तक्रार निवारण अधिकाऱ्यासाठी आणखी एक ठेवून, तेथे अर्ज घेऊन क्रमांक दिला गेला असता, तर माईकवरचा अर्धा संताप तेथेच शमला असता. आणि छापील अहवालात सत्कारांच्या छायाचित्रांइतकीच जागा वर्षभरात आलेल्या, मिटलेल्या व शिल्लक तक्रारींच्या संख्येला द्यायला हरकत नव्हती.

सहकारी बँकेच्या सभेकडून मी एवढी अपेक्षा ठेवते, याला कारण आहे. मोठ्या व्यापारी बँकेचा भागधारक सभेत बोलायचा झाला तर त्याला आधी वक्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि पडद्यावर दोन मिनिटे मिळतात. त्याचे मतही त्याच्या शेअर्सच्या प्रमाणात मोजले जाते. आपल्या भागात घराघरांत खाती असलेली सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली, आणि तिच्या भागधारकाच्या मताचे वजन त्याहून मोठ्या संस्थेत विरून गेले. सहकारात मात्र एक सभासद, एक मत. मागवाल्याचे मत आणि कारखानदाराचे मत तेथे सारखेच भरते. १९०४ च्या कायद्यानंतर देशातील पहिली शेतकी सहकारी पतसंस्था १९०५ मध्ये उभी राहिली ती आपल्या शेजारी, आजच्या गदग जिल्ह्यातील कणगिनहाळ येथे. इतकी जुनी परंपरा असलेल्या भागात सभासदाला ‘नंतर भेटा’ म्हणून बसवले जाते, याचे मला वाईट वाटते.

कागदपत्रे सभेनंतर काही आठवड्यांनी मिळाली. ती एका बंद झालेल्या विस्तार कक्षाच्या कपाटात होती, असे तोंडी सांगण्यात आले. लेखी कारण आले नाही. भरपाईचा विषय काढताच बँकेचा सूर बदलला, म्हणून आम्ही रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार केली. ही योजना १२ नोव्हेंबर २०२१ रोजी सुरू झाली. आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी लागते, आणि ३० दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास लोकपालाकडे जाता येते. शुल्क नाही, वकिलाचीही गरज नाही. सीमाभागातील वाचकांसाठी मुद्दाम सांगते, टपालाने तक्रार पाठवायची असेल तर चंदीगडच्या केंद्रात ती कोणत्याही भाषेत स्वीकारली जाते, म्हणजे आपल्या मराठीतही. आम्ही मराठीतच लिहिली. पुढे सामोपचाराने बँकेने एक ठरावीक रक्कम दिली. नियमाने होणाऱ्या रकमेपेक्षा ती कमी होती, पण दादांनी प्रकरण वाढवायचे नाही असे ठरवले आणि मी त्यांचा शब्द मानला.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आपण बोलताना सगळ्यांनाच बँक म्हणतो. पण कर्नाटकच्या १९९७ च्या सौहार्द सहकारी कायद्याखालील सोसायट्या आणि इतर पतसंस्था या बँका नव्हेत. त्यांना वर सांगितलेली लोकपाल योजना लागू नाही, आणि ठेवीदाराला बँकेत मिळणारे ५ लाख रुपयांपर्यंतचे ठेव विमा संरक्षणही तेथे नाही. अशा संस्थेच्या सभासदाची तक्रार सहकार खात्याकडे जाते, आणि म्हणून त्याच्यासाठी तर वार्षिक सभेतील प्रश्न अधिकच मोलाचा आहे.

२०२५ च्या सभेत मागील इतिवृत्त वाचले गेले, तेव्हा माझा प्रश्न त्यात नव्हता. ‘सभासदांच्या प्रश्नांना अध्यक्षांनी समर्पक उत्तरे दिली’ असे एक वाक्य होते. इतिवृत्त कायम होण्याआधी मी हात वर केला आणि दुरुस्ती सुचवली. या वेळी अनुमोदन द्यायला पाच-सहा जण उभे राहिले, त्यांत ते १५ एच फॉर्मचे गृहस्थही होते. दुरुस्ती मान्य झाली. सरव्यवस्थापकांनी प्रलंबित कागदपत्रांची संख्याही वाचून दाखवली, आणि शाखेत आता कागदपत्रे परतीची स्वतंत्र नोंदवही ठेवली जाते, असे सांगितले. ती नोंदवही मी नंतर शाखेत पाहिली आहे.

ठेवीसाठी आणि सोनेतारणासाठी ही बँक मी शेजाऱ्यांना निःसंकोच सुचवते. घरकर्ज घेणाऱ्यांना मात्र एवढे सांगते की, कागदपत्रे परत मिळण्याची मुदत आणि ठिकाण मंजुरीपत्रात लिहिलेले असणे आता बंधनकारक आहे; ते वाचल्याशिवाय सही करू नका, आणि दिलेल्या प्रत्येक मूळ कागदाची यादी शिक्क्यानिशी आपल्याकडे ठेवा.