रोज एक घाणा की रविवारी सगळं एकदम? आमचा दोन खोल्यांचा अनुभव

आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं पाच. मी, बायको, दोन मुलं आणि आई. कपडे धुण्याच्या बाबतीत आम्ही दोन्ही पद्धती मनापासून करून बघितल्यात, आधी तीनेक वर्षं रविवारी सगळं एकदम आणि आता दीडेक वर्ष झालं रोज एक छोटा घाणा, म्हणजे मशीनची एक फेरी. तुमच्याही घरी हाच विचार चालला असेल तर थोडाफार उपयोग होईल म्हणून लिहितोय. कुठलं मशीन चांगलं यात शिरत नाही, ते तुमच्याकडे आहेच असं धरून चालतो.

रविवारवाल्या पद्धतीचं आधी चांगलं सांगतो, कारण तिच्यात चांगलं खरंच बरंच आहे. आठवडाभर डोक्याला ताप नाही, कपडा काढला की बादलीत टाकला, विषय संपला. पांढरे वेगळे, रंगीत वेगळे, टॉवेल-चादरी वेगळ्या, सगळ्यांचा भरलेला घाणा होतो त्यामुळे पाणी आणि पावडर दोन्ही बेताने लागतं. जुन्या टॉप लोडमध्ये तर हा फरक चांगलाच जाणवतो, पाण्याची पातळी आपण कमी करायला विसरलो की चार कपड्यांनाही ते टाकीभर पाणी घेतंच. नवीन मशीन वजन बघून पाणी घेतात, पण तरी दोन अर्ध्या घाण्यांपेक्षा एक भरलेला घाणा पाण्यात स्वस्त पडतो हे मान्य करायला हवं.

आमची गाडी अडायची ती दुसऱ्या घाण्याला. पहिला घाणा दोरीवर आणि स्टँडवर गेला की जागा संपली. इकडे मशीन वाजतंय, दुसरा घाणा तयार, आणि वाळत घालायचा कुठे? मग खुर्च्यांच्या पाठी, दाराची वरची कड, कपाटाची हँडल, सगळीकडे ओले कपडे आणि आई त्यातून वाट काढत चाललेली. तरीही जे उरायचे ते तसेच ड्रममध्ये, पहिले वाळेपर्यंत. संध्याकाळी काढले की तो कुबट, आंबूस वास. वाळल्यावर जातो असं वाटतं पण जात नाही, इस्त्री फिरवली किंवा जरा घाम आला की परत वर येतो. मुलाचा शाळेचा शर्ट असा दोनदा निघाला, तेव्हा मला फार वाईट वाटलं, कारण धुतलेला असूनही तो दिवसभर त्या वासात बसला असणार.

या वासाचं कारण मी नंतर शोधलं. 2012 मध्ये जपानी संशोधकांनी दाखवलं की मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जीवाणू यामागे असतो. धुतल्यावरही तो थोडाफार कापडात राहतो, आणि कापड जितका जास्त वेळ ओलं तितकं त्याचं फावतं. म्हणजे पावडर बदलून किंवा सुगंधी लिक्विड ओतून काही होत नाही, कपडा लवकर वाळला पाहिजे. आम्ही मात्र वास आला की परत धुवायचो, आणि रविवारी वाचवलेलं पाणी तिथेच जायचं.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की आमच्या घरात अडचण मशीनची नाहीच, दोरीची आहे. मशीन दिवसात चार घाणे धुवेल, पण आमची दोरी आणि स्टँड मिळून चार बोटं अंतर ठेवून वीस-बावीस कपडेच घेतात. पाच माणसांचे एका दिवसाचे कपडे साधारण तेवढेच होतात. शिवाय घरात वाळणारं पाणी जातं कुठे, हवेतच ना. एका भरलेल्या घाण्यातून 2 लिटरच्या आसपास पाणी खोलीत सुटतं. रविवारी असे तीन घाणे लागोपाठ, खिडकीच्या काचेला घाम, कपाटामागच्या भिंतीवर काळे ठिपके. रोजच्यात ते ठिपके पुसल्यावर अजून तरी परत आले नाहीत, आता हे नक्की त्यामुळेच का ते छातीठोक सांगणार नाही, पण मला तरी तसंच वाटतं.

आता रोजचा घाणा. सकाळी उठल्या उठल्या मशीन लावायचं, आवरेपर्यंत होतं, दहा मिनिटांत वाळत घालायचं. स्पिन मी मिनिटाला 1200 फेऱ्यांवर ठेवतो, आधी 600-800 वर असायचा, तेव्हाच्या आणि आताच्या कपड्यांतला ओलावा नुसत्या हाताला कळतो (नाजूक कपड्यांना अर्थात हे नको). खिडकी थोडी उघडी आणि पंखा हळू, संध्याकाळी आई आणि धाकटी मिळून घड्या घालतात आणि दोरी मोकळी.

त्रास यातही आहेत. एकही दिवस सुट्टी नाही, एक दिवस राहिला की दुसऱ्या दिवशी तीच दोरीची मारामारी. पांढऱ्यांचा रोज घाणा होत नाही म्हणून आम्ही बुधवार-शनिवार त्यांना दिलेत. एकटी चादर किंवा एकटी जीन्स टाकली तर फ्रंट लोडचा तोल जातो आणि स्पिनच होत नाही, सोबत दोन-चार कपडे लागतातच. पावडर सवयीने जास्त पडते, ती कमी करायला महिना गेला. विजेत मात्र आम्हाला फरक दिसला नाही, कारण वीज मुख्यतः पाणी तापवायला लागते आणि आम्ही रोजचं गार पाण्यात धुतो. टॉवेल तेवढे आठवड्यातून एकदा 60 अंशाला.

घरात दोनच माणसं असतील, गच्ची किंवा ड्रायर असेल, किंवा दोघांच्या ड्युट्या अशा की सकाळी कुणाला दहा मिनिटं मिळत नाहीत, तर रविवारच ठेवा, उगाच बदलू नका. तिघांच्या घराला एक दिवसाआड बहुतेक जमून जाईल. पण चार-पाच माणसं आणि एकच दोरी असेल तर एकदा आपल्या दोरीवर अंतर ठेवून किती कपडे मावतात ते मोजा आणि रविवारच्या बादलीतले कपडे मोजा. आमच्याकडे बावीस आणि शंभरच्या वर निघाले होते, त्यानंतरच्या सोमवारपासून आम्ही रोजचं सुरू केलं.