हार्ड डिस्क ‘उडाली’ म्हणून मला फसवलं, ते असं

माझा कॉम्प्युटर दहा वर्षांचा. काही महिने तो मधूनच अडकायचा. फाइल कॉपी होताना हिरवी पट्टी अर्ध्यावर थबकायची, माउस तेवढा फिरायचा, बाकी सगळं गोठलेलं. मिनिटभराने आपोआप पुढे सरकायचं. चालू करताना डिस्क तपासणीचा काळा स्क्रीनही येऊ लागला, तेव्हा दुरुस्तीवाल्याला बोलावलं.

त्याने कॅबिनेट न उघडताच सांगितलं, “मॅडम, हार्ड डिस्क उडाली. आज-उद्या सगळा डेटा जाईल.” माझ्या पोटात गोळा आला. बाबांचे सगळे फोटो त्याच डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. मी लगेच हो म्हटलं. आता वाटतं, त्या भीतीवरच त्याचा धंदा चालतो.

कॉम्प्युटर घेऊन गेला, ‘नवी’ डिस्क बसवून आणला. डेस्कटॉपवरच्या फाइली होत्या, पण डी ड्राइव्हमधलं काहीच नव्हतं, आणि फोटो तिथेच होते. जुनी डिस्क मागितली तर म्हणे भंगारात टाकली. रोज फोन करून पिच्छा पुरवला तेव्हा चार दिवसांनी निमूटपणे आणून दिली, तीही फॉरमॅट केलेली.

पंधरा दिवसांत कॉम्प्युटर पुन्हा तसाच गोठला. आता त्याचं म्हणणं, मदरबोर्ड बदलावा लागेल. तिथे माझा विश्वास उडाला. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून पाहिलं. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात; ती त्यात वाचता येते. ‘नव्या’ डिस्कचे चालू तास ३१ हजारांच्या वर निघाले. वर्षाचे तास ८,७६०. म्हणजे साडेतीन वर्षं अखंड चाललेली डिस्क मला नवी म्हणून विकली होती. बाहेर काढून पाहिली तर स्क्रूच्या भोकांभोवती आधीच्या स्क्रूचे ओरखडे स्पष्ट दिसत होते. हा तासांचा आकडा पुसूनही टाकता येतो, त्यामुळे तो कमी दिसला तरी ओरखडे बघाच, आणि लेबलवरचा सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी तपासा.

मग जुनी डिस्क नव्या साटा केबलने (डिस्कला मदरबोर्डशी जोडणारी डेटाची केबल) जोडली. स्मार्टच्या यादीत ०५, सी५ आणि सी६ या तीन ओळी खराब सेक्टरच्या, म्हणजे डिस्कवरच्या बिघडलेल्या जागांच्या असतात. तिन्हींत शून्य! आकडा होता तो सी७मध्ये, दीड हजाराच्या पुढे. (हे सॉफ्टवेअर या ओळींतले आकडे हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजणाऱ्या पद्धतीत दाखवतं, ते आपल्या नेहमीच्या दशमान पद्धतीत बदलून घ्या, नाहीतर वाचताना घोटाळा होतो.) डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामध्ये डेटा वाटेत बिघडला की तो पुन्हा पाठवावा लागतो आणि सी७ वाढतो. कारण बहुतेक वेळा केबल, नाहीतर सैल बसलेला कनेक्टर. ‘नव्या’ डिस्कचाही सी७ चढत होता, कारण त्याने केबल तीच जुनी ठेवली होती. सगळा आजार त्या एका केबलचा.

०५ किंवा सी५ वाढत असतील तर मात्र डिस्क खरंच मरायला टेकली आहे. अशा वेळी आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर काढा. विंडोजमधल्या चेकडिस्क या डिस्क तपासणीच्या सोयीचा ‘/आर’ पर्याय तोवर चालवू नका. तो संपूर्ण डिस्क वाचतो आणि मरणाऱ्या डिस्कला तो ताण झेपेलच असं नाही. आणि कॉम्प्युटर कुणाच्याही हाती देण्याआधी स्मार्टच्या आकड्यांचा आणि डिस्कच्या सिरियल नंबरचा फोटो काढून ठेवा. जुनी डिस्क परत हवी, हे त्याच वेळी सांगा. फॉरमॅट केल्यावरही तिच्यातला डेटा बऱ्याचदा काढता येतो, मग ती कुणाच्या का हाती पडेना.

माझ्या बाबतीत तेच उपयोगी पडलं. त्याने क्विक फॉरमॅट केलं होतं, त्यात फक्त फाइलींची यादी कोरी होते. डिस्कवर काहीही न लिहिता फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधून काढणारं सॉफ्टवेअर चालवलं आणि सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरवलं. रात्रभर चाललं. सकाळी बाबांचे बहुतेक फोटो मिळाले, पण नावं आणि फोल्डर गेले होते. हजारो फाइलींना नुसते आकडे.

जुनी डिस्क आता पुन्हा कॉम्प्युटरमध्ये आहे. केबल बदलल्यापासून सी७ एकानेही वाढलेला नाही. रोज रात्री मी आईला शेजारी बसवते, ती फोटो बघून साल सांगते, आणि मी एकेक नाव पुन्हा लिहिते.